तबक कोणी पाडलं?

परवा रात्री साडेआठला पुन्हा एक तबक पडलं.

कुंकू उधळलं, निरांजन आडवं झालं, सुपारी गडगडत थेट कारस्थानी काकूंच्या पायाशी गेली. कारण दारात नायिकेच्या नवऱ्याची पहिली बायको उभी होती. ही बाई गेल्या वर्षी दरीत पडून वारली होती, पण मालिकेतल्या दऱ्या फार खोल नसतात. तबक पडलं एकदा, दाखवलं तीनदा: समोरून, वरून आणि फरशीला गाल टेकवून. मग आजोबांपासून मोलकरणीपर्यंत अख्खं घराणं एकेक करून दचकलं. एकत्र कुटुंबाचा हा मोठाच फायदा, दचकायला माणसं कमी पडत नाहीत. प्रत्येकाच्या तोंडावर कॅमेरा तीनदा आदळला आणि दर आदळण्याला ढ्यँण झालं. जाहिराती आल्या, साबण झाला, मसाला झाला, गृहकर्ज झालं. परत येऊन बघतो तर तबक अजून फिरतंच आहे! दुसऱ्या दिवशी ‘आधीच्या भागात’ म्हणून ते पुन्हा पडलं.

आमच्या घरी पितळी तबक पडलं तर एकदाच खणकन वाजतं आणि आतून आवाज येतो, ‘काय पाडलंस रे?’ मालिकेत हे कोणी विचारतच नाही. म्हणून म्हटलं, आपण विचारावं.

नटी म्हणाली, ‘मला काय विचारता? सीन हातात आला तेव्हा केसांत गजरा माळणं चाललं होतं.’ दिग्दर्शक म्हणाला, ‘रोज एक भाग काढायचाय, तयार भागांची बँक शून्य, उद्याचा भाग आज शूट होतोय. तबक पडलं की सात मिनिटं निघतात.’ लेखक म्हणाला, ‘मी तिला चहा करायला लावलं होतं. गुरुवारी टीआरपी आला, वरून फोन आला, भागाच्या शेवटी काहीतरी पाडा. मी तबक पाडलं. माझे पैसे नव्वद दिवसांनी येतात, तोवर मी काहीही पाडीन.’ वरचे म्हणाले, ‘आम्ही कोण? प्रेक्षकांना हेच हवंय.’

मग प्रेक्षक गाठले. सूनबाई म्हणाल्या, ‘मी कुठे बघते? सासूबाईंसाठी लावते.’ सासूबाई म्हणाल्या, ‘मेलं या मोतीबिंदूत मला दिसतंय कुठे? नुसता आवाज कानावर पडतो.’ सासरे पेपरात डोकं घालून बसले होते. ‘आम्ही असलं काही बघत नाही,’ असं म्हणून त्यांनी पेपर न हलवता खुलासा केला, की दारात आलेली ती पहिली बायको नव्हेच, तिची जुळी बहीण.

म्हणजे बघत कोणीच नाही आणि हवंय मात्र सगळ्यांना. देशात टीव्हीची घरं वीस कोटींच्या वर. टीआरपी मोजायला मीटर बसवलेली घरं ५५-६० हजारांच्या आसपास. त्यांचा रिमोट म्हणजे आपली सर्वांची आवड. तेही एक वेळ चालेल, नमुना घेऊनच अंदाज बांधतात. पण एसीत बसून, समोर फळांच्या रसाचा ग्लास ठेवून जेव्हा कोणी म्हणतं, ‘अहो, आपला प्रेक्षक गावाकडचा, त्याला सोपं करून द्यावं लागतं,’ तेव्हा माझं डोकं फिरतं. गावाकडचा? सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो तेव्हा नटांच्या हातात संहितेचा कागद नसतो. दोन नट पुराणातलं भांडण उभ्या उभ्या रचतात, आणि समोर गोधडी पांघरून बसलेली आजी कोणाचा मुद्दा लंगडा पडला ते शेजारणीला सांगते. याच गावांनी कीर्तनाच्या पूर्वरंगात द्वैत-अद्वैत ऐकलं आणि उत्तररंगासाठीही ती जागी राहिली. तमाशाच्या वगात सोंगाड्यानं राजाला मारलेली कोपरखळी त्यांना कळायची, त्यासाठी राजाच्या तोंडावर तीनदा कॅमेरा आदळावा लागला नाही. त्या गावाकडच्या माणसाला बाई घाबरली हे कळायला पाच किलो भांडी आपटावी लागतात? आणि बाई तरी कोण! प्रोमोत जिल्हाधिकारी म्हणून आलेली. पन्नास भाग झाले, तिनं अजून एका फाइलवर सही केलेली नाही; पुरणपोळी फुटली म्हणून मात्र दोन आठवडे रडतेय. गावाला अडाणी म्हणायचं, बाईला रडवायचं आणि वर ‘आम्ही संस्कृती जपतो’ म्हणून पैठणी नेसवून पहाटे पाचला स्वयंपाकघरात उभी करायची. स्वतःच्या आईला पहाटे पाचला पैठणीत बघितलंय यांतल्या एकानं तरी?

असो. रक्तदाब वाढला. आकडे घसरले की कुठे जायचं ते वाहिन्यांना माहीत असतं: लग्न, लीप किंवा दरी. मला तेवढाही पर्याय नाही.

चौकशीचा निकाल मात्र लागला. सेटवरच्या वरिष्ठांनी जबाबदारी निश्चित केलीय. सामान मांडणारा एक पोरगा आहे, रोजंदारीवरचा. तबक त्यानंच घासून ठेवलं होतं. त्याच्या हाताला म्हणे तेल होतं.