पुढेमागे लागेल

आबांचं घर एकमजली आहे, पण खांब चार मजल्यांचे. गच्चीवर सळ्या उभ्या आहेत आणि त्यांना दोऱ्या बांधून काकू कपडे वाळत घालतात. विहिरीवर साडेसात अश्वशक्तीची मोटर आहे, पाणी तिनाच्या लायकीचं. मुंजीला पाचशे पानं पुरली असती तिथे आठशेचा स्वयंपाक झाला आणि पुढचे दोन दिवस आख्ख्या आळीने बुंदी खाल्ली. कारण विचारलं की आबा शांतपणे सांगतात, "पुढेमागे लागेल."

अशी माणसं गावोगाव असतात. त्यांना कुणी उधळं म्हणू नये. आबा तर भाजीवालीशी कोथिंबिरीच्या दोन काड्यांसाठी भांडतात. पाया मात्र त्यांना कायम जास्तीचा लागतो. वर काय बांधायचं ते नंतर बघू.

२०२३ च्या जुलैत टोमॅटोला कधी नव्हे तो भाव आला. नारायणगावच्या बाजारात क्रेट दाखवला की व्यापारी खुर्चीतून उठू लागले. आबांचा प्लॉट नेमका तेव्हाच तोडणीला आलेला. त्या पैशांत दुसऱ्या कुणी सोनं घेतलं असतं. आबांनी पिकअपला टायर घेतले.

जुने टायर २१५/७५ आर १५ मापाचे होते आणि अजून एक हंगाम सहज निघाला असता. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या टायरवाल्याकडे आबा गेले ते फक्त हवा भरायला. तिथे त्यांना टायरच्या अंगावरचा मजकूर वाचता येऊ लागला, आणि तिथून पुढे त्यांचं आमच्याशी बोलणं बदललं. २१५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या टक्क्यात बाजूची उंची, १५ म्हणजे रिमचे इंच, हे आम्हाला ओट्यावर बसवून शिकवण्यात आलं. शेवटी वजनाचा आकडा. तो किलोत नसतो, त्याचा तक्ता असतो. आबांनी तक्ता पाढ्यांसारखा पाठ केला: १०० ला ८००, १०६ ला ९५०, १०८ ला हजार, ११० ला १०६०. नवे टायर २३५/७५ आर १५, आकडा ११०. काकूंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "एकशेदहा किलो? म्हणजे तुम्ही आणि मी बसलो की संपलं."

काकूंना तक्ता माहीत नव्हता, पण आबांचा हिशेब त्याहून धाडसी निघाला. एका टायरला १०६० किलो, चौकडा ४२४०. गाडीचं स्वतःचं वजन पावणेदोन टन वजा केलं की हौद्यात सरळ अडीच टन! पासिंग सव्वा टनाचं. आबांच्या मते कंपनीने इतकी वर्षं निम्मी गाडी लपवून ठेवली होती.

टायरवाला भला माणूस. विकून झाल्यावर का होईना, पण त्याने समजावलं. "आबा, टायर उचलेल. पण माल सगळा मागच्या आसावर येतो, चार चाकांत वाटून बसत नाही. आणि पाटे? ब्रेक? ते जुनेच आहेत ना?"

"मग पाटे वाढवू," आबा म्हणाले.

टायरवरचा तो आकडा पूर्ण हवेलाच खरा असतो, एवढंच आबांनी त्या बोलण्यातून उचललं. तेव्हापासून गाडी भरलेली असो की रिकामी, पासष्ट पौंड हवा. रिकामी पिकअप गतिरोधकावरून जाताना चारही चाकांनी रस्ता सोडते. पूर्ण वळवली की पुढचं चाक आतल्या पत्र्याला घासून कुरकुरतं. आबा म्हणतात, नवीन आहे, बसेल हळूहळू. टायर पत्र्यात बसेल की पत्रा टायरमध्ये, ते सांगत नाहीत.

गाडी वीतभर उंच झाली असं ते बाजारात सांगत होते. काकूंनी शिवणाची टेप लावली. दीड सेंटिमीटर. हिशेबही तोच येतो, कारण टायरचा व्यास तीन सेंटिमीटरने वाढला की आस त्याच्या निम्म्याने वर जातो. पण आबांनी टेपच जुनी ठरवली.

खरा तमाशा ॲव्हरेजचा झाला. गाडी पुतण्या चालवतो. माळशेजमार्गे कल्याणला जाऊन येतो आणि आबा वहीत किलोमीटर व डिझेल मांडतात. टायर बदलल्यावर लिटरला चौदाचे साडेबारा झाले. आबांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने शपथ घेतली. आबांनी टाकीचं झाकण कुलपाचं केलं. आकडा तोच. घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. वास्तविक मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, आणि मीटर बिचारं फेरेच मोजतं. मीटर शंभर दाखवतं तेव्हा गाडी एकशेचार पळालेली असते. उरलेली तूट टायरचं वजन आणि पुतण्याची घाई यांत वाटून घ्यावी. टायरवाल्याने हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा आबांचा चेहरा उजळला. पुतण्या सुटला म्हणून नव्हे. "म्हणजे गाडी मीटरवर कमी पळालेली दिसणार? विकताना बरं!" मीटर साठ दाखवताना आपण बासष्टच्या वर असतो, हे मात्र त्यांनी पुतण्याला कळू दिलं नाही.

पहिल्याच मोठ्या खेपेला आरटीओने गाडी काट्यावर घेतली. आबा स्वतः बरोबर होते. सहाशे किलो जास्त भरले. साहेब आरसी बुक वाचत होते आणि आबा त्यांना टायर वाचायला सांगत होते. "साहेब, एकशेदहाचा आकडा आहे, खाली वाकून बघा तरी!" साहेब वाकले नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा वजनाचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि वर टनामागे दोन हजार. एवढ्या पैशांत एखाद-दुसरा टायर आला असता, असं मी म्हणालो. आबांना ते फार लागलं. कारण स्टेपनी अजून जुन्या मापाचीच होती.

ती त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतली. एक नव्हे, दोन. सहावा टायर आता पडवीत आहे.

हल्ली आबा नवी, मोठी पिकअप बघत फिरतायत. या टायरांना ही गाडी लहान पडते, असं त्यांचं म्हणणं. परवा शोरूममध्ये एक पसंत पडली, बोलणी जवळजवळ झाली, आणि निघताना पुतण्या हळूच म्हणाला, "आबा, हिला सोळाचे रिम आहेत. आपले टायर पंधराचे."

आबा थांबले. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"रिम पंधराचे टाकून देता का, विचार त्यांना," ते म्हणाले. "आणि सोळाचेही राहू दे म्हणावं."