मुका नायक, बोलका मालक

'क्रोनो ट्रिगर'च्या नायकाला आपलं नाव देता येतं. 'स्क्वेअर' या जपानी कंपनीच्या 1995 सालच्या या गेममध्ये तो चकार शब्द बोलत नाही. मी तिकीट काढतानाही कंडक्टरला किस्सा ऐकवणारा. तरी त्या लाल, ताठ केसांच्या पोराला मी बेधडक माझं नाव देऊन टाकलं. (केसांचा विषय इथे वाढवत नाही.)

मग काय, राजकन्या मार्ल, यंत्रं जोडणारी लुका, बेडूक होऊन बसलेला सरदार, सगळे माझ्यामागे. काळात मागेपुढे उड्या मारत कधी इसवी सन 600, कधी 2300, कधी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे डायनासोर. पण 'तू बोलत का नाहीस' असं एकजण विचारील तर शपथ! नायकाचं तोंड बंद, म्हणजे उत्तरं आपण द्यायची, असा मी अर्थ लावला आणि पडद्यासमोर मोठ्याने द्यायलाही लागलो.

"कोणाशी बोलतोयस?" आतून बायको.

"राजकन्येशी."

"मग दूध उतू गेलंय, ते तिलाच पुसायला सांग."

माझी खरी तक्रार त्या खटल्याबद्दल आहे. सन 1000 च्या जत्रेत एका टेबलावर एका म्हाताऱ्याचा डबा असतो. बटण दाबलं की नायक तो फस्त करतो आणि त्याची तब्येत सुधारते. आता मला सांगा, भर जत्रेत डबा उघड्यावर टाकून हा म्हातारा गेला कुठे? डबा असा सोडतात? आमच्या ऑफिसात लोक लिंबाच्या लोणच्याच्या बाटलीवरसुद्धा नाव घालतात. पण नाही! पुढे राजकन्येला पळवल्याच्या आरोपावरून नायक कोर्टात उभा राहतो, तेव्हा हाच म्हातारा साक्षीला हजर. धक्का लागून मार्ल पडली तेव्हा आधी तिची विचारपूस केली की तिचं लॉकेट उचललं, हेही तिथे निघतं. मी घरी अर्ध्या तासाचा युक्तिवाद रचला होता. पडद्यावर पर्याय दोन. बरं, निर्दोष सुटलात तरी कोठडी चुकत नाही. डबा खाल्ल्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

पुढे लावोस नावाच्या राक्षसासमोर हा नायक एकटा उभा राहतो आणि भस्म होतो. जाता जाताही शब्द नाही. आणि वर अपमान असा, की त्याला परत न आणताही गेम पुरा करता येतो. माझ्या नावाचा माणूस वगळूनही जग वाचतं!

पण त्याची माणसं बर्फाचा अख्खा डोंगर चढतात. जत्रेच्या तंबूत जिंकलेला त्याचा हुबेहूब पुतळा त्या मरणाच्या क्षणी त्याच्या जागी ठेवतात आणि त्याला काढून आणतात. पुतळाही बोलत नाही, त्यामुळे काळाला फरक कळत नाही. मार्ल त्याला बिलगते, तेव्हा मी गप्प बसलो होतो. याने कोणाला 'तू मला आवडतेस' म्हटलं नाही, 'थँक्यू' म्हटलं नाही. मी आयुष्यभर सगळ्यांना सगळं सांगत आलोय. माझ्यासाठी सिंहगड तरी कोण चढेल?

या गेमला शेवट डझनभर. त्यांतल्या एकात लुका आणि मार्ल गेममधल्या पुरुषांवर शेरे मारत बसतात, आणि तिथे म्हणे हा चक्क बोलतो. इतकी वर्षं त्याच्या वतीने मी घसा कोरडा केला, आणि ऐन वेळी मला विचारलंसुद्धा नाही.