तीन बोटं

ज्याच्यासमोर लॅपटॉप उघडू नये असा माणूस प्रत्येक गावात एक असतोच. आमच्या वाट्याला काका आलेत. मुक्काम कामशेत, नोकरीतून निवृत्त, आणि आता व्रत एकच: मावळ तालुक्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉटचा शॉर्टकट बसवून द्यायचा. कुणी मागितला नसला तरी.

परवा वडगावला दाखले काढून देणाऱ्या एका दुकानात गेलो होतो. तिथला पोरगा पडद्यावरच्या अर्जाचा फोटो मोबाईलनं काढत होता. काकांना ते बघवेना. "अरे, अर्ज कमी आणि काचेत तुझं बनियन जास्त दिसतंय! माऊस सोड. तीन बोटं!"

विंडोज, शिफ्ट, एस. पडदा अंधारतो, अधिकचं चिन्ह येतं, पाहिजे तेवढा चौकोन ओढायचा. काम एवढंच. पण काका एवढ्यावर थांबले तर ते काका कसले! नुसतं प्रिंट स्क्रीन दाबून काय होतं, त्याला विंडोज जोडलं की चित्र 'स्क्रीनशॉट्स'च्या फोल्डरात आपोआप कसं जाऊन बसतं, आल्ट जोडलं की समोरची एकच खिडकी कशी येते, सगळं झालं. मग इतिहास. 1981 च्या आयबीएम पीसीवर शिफ्टसोबत ते बटण दाबलं की पडद्यावरचा मजकूर खरोखरच प्रिंटरमधून कागदावर उतरायचा, म्हणून त्याचं नाव प्रिंट स्क्रीन. मागे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभी असलेली रांग तोवर रस्त्यावर आली होती. दोन सेकंद वाचवण्याचं शिक्षण पाऊण तास चाललं.

बरं, शिकवायला समोर कॉम्प्युटर लागतो असंही नाही. लोणावळा लोकलच्या सीटवर, चिक्कीच्या खोक्यावर, एकवीरेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या पाठीवरसुद्धा काकांची तीन बोटं पेटीवाल्यासारखी पडतात. एका घरी सांत्वनाला गेले, तेव्हा मयताच्या मुलाचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले. त्यांना गहिवरून आलं असं आम्हाला वाटलं. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "पेन्शनच्या वेबसाइटवरची पोच कशी जपायची ते सांगत होते. तीन बोटं."

तळेगावात इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाकडे उबुंटू निघालं. तिथं नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की काम होतं. काकांचा चेहरा उतरला. "एकच बटण? मग शिकायचं काय?" लगेच सेटिंग्ज, त्यात कीबोर्ड, त्यात शॉर्टकट, आणि तिथं सुपर, शिफ्ट, एस बसवून मगच त्यांनी चहाला तोंड लावलं. एका बोटाचं काम तीन बोटांचं करून दिल्याचं समाधान त्या चहात विरघळलेलं दिसत होतं.

त्यांच्या फोल्डरात काय नाही? तत्काळ तिकिटाच्या वेळी अडकलेला पडदा, लोणावळ्यात चोवीस तासांत किती मिलिमीटर पडला त्याचे आकडे, वीजबिलं, आणि सातबारे. आपले, भावकीचे, ओळखीपाळखीच्यांचे. "पुरावा पाहिजे," एवढंच म्हणतात. मला हा म्हातारपणीचा चाळा वाटायचा.

मग एकदा त्यांनी मला पवनेकडच्या एका फार्महाऊसवर नेलं. मालक मुंबईचे, त्यांच्याकडे मॅक. कमांड, शिफ्ट, चार. "बघा, इथंही तीनच!" काका लहान पोरासारखे खूश. शिकवता शिकवता त्यांनी मालकांचाच सातबारा पडद्यावर काढायला लावला. गट नंबर मात्र मालकांना विचारला नाही. तोंडपाठ होता.

हा गट काकांच्या वडिलांचा. द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्ण सुरू झाला, आणि त्या सुमाराला इकडच्या जमिनींना गिऱ्हाईक लागलं. भावकीत कुणी काय ठरवलं, कुणी कुठं नेऊन बसवलं, हे वडिलांना शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. वडिलांचं नाव असलेला तो उतारा घरात कुणी जपला नाही, आणि तेव्हा घरबसल्या उतारा पडद्यावर काढायची सोय नव्हती. काकांच्या फोल्डरात सगळ्या गावाची जमीन आहे, हा एक कागद नाही.

हे त्यांनी मला बांधावरून चालताना सांगितलं, तेही दुसऱ्याच कुणाची हकीकत असल्यासारखं. मालकांपुढे अवाक्षर काढलं नव्हतं. तिथं फक्त चौकोन नीट ओढायला लावला, फाईलला नाव द्यायला लावलं.

मालक सज्जन होते. पाकीट काढून म्हणाले, "काका, तुमचे किती द्यायचे?"

"काही नको. उतारा तेवढा दर वर्षी असाच काढून ठेवत जा," काका चपला घालत म्हणाले. "जपायला तीन बोटं लागतात साहेब. घालवायला एक अंगठा पुरतो."