आचोळ्यातली ट्रेड विंडो

आचोळे हे एकेकाळी गाव होतं, असं सातबारा सांगतो आणि तलाव सांगतो. तिसरा कोणी सांगत नाही. नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला उतरून 'आचोळे' म्हटलं की शेअर रिक्षावाला 'कुठलं, रोड की गाव?' असं अगत्यानं विचारतो. आपण काहीही उत्तर दिलं तरी त्याला जिथं सोडायचं असतं तिथंच तो सोडतो. मागे तिघं आणि पुढे त्याच्या मांडीला मांडी लावून चौथा, अशी ती बैठक असते. चौथ्याला रस्ता नीट दिसतो, पण तो पाहू नये असाच असतो.

पश्चिमेला सोपाऱ्यात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणून काढला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच परिसरात मिळाला. दोन हजार वर्षांपूर्वी इथं जहाजं लागत आणि करारमदार होत. अशोकानं मात्र आपला शब्द दगडावर कोरून ठेवला. फ्रँचायझीच्या धंद्यात असलं काही चालत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. तो रविवार होता 16 नोव्हेंबर 2025 चा. आदल्याच दिवशी आयपीएलच्या संघांनी कोण ठेवला, कोण सोडला आणि कोणाच्या बदल्यात कोण घेतला, याच्या याद्या जाहीर केल्या होत्या. रवींद्र जडेजा चेन्नईहून राजस्थानला गेला होता, तेही 18 कोटींवरून 14 कोटींवर येऊन. सोबत सॅम करन. बदल्यात संजू सॅमसन चेन्नईला. अर्जुन तेंडुलकर मुंबईतून लखनौला आणि शार्दुल ठाकूर लखनौहून मुंबईला. स्पर्धा संपून पाच महिने उलटले होते, पुढची सुरू व्हायला चार महिने होते. वाद घालायला याहून चांगला हंगाम नाही. मॅच चालू असली की वादात फार व्यत्यय येतो.

मावसभाऊ तलावाजवळच्या चहाच्या टपरीवर सापडेल, असं वहिनींनी फोनवर सांगितलं होतं. "घरी येऊ नका, तिकडंच जा. इथं मटणाचं चाललंय, आणि तो नसला की बरं चालतं." मार्गशीर्ष लागायला पाच दिवस उरले होते. त्यामुळे त्या रविवारी वसई-विरार पट्ट्यातल्या बकऱ्यांचा रिलीज झालेल्यांच्या यादीत समावेश होणं अटळ होतं.

टपरीवर एक छोटा टीव्ही होता आणि त्यावर कोलकात्याची कसोटी लागली होती. भारताला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जिंकायला 124 धावा हव्या होत्या. टीव्हीकडे सगळ्यांची पाठ होती.

"ये ये, बस," मावसभाऊ म्हणाला. "तूच सांग, जडेजाला विकणं शोभतं का यांना? बारा वर्षं घासला माणसाला. 2023 ची फायनल त्यानं शेवटच्या दोन बॉलवर काढून दिली, सिक्स आणि फोर! आणि आता म्हणे, पुनर्बांधणी."

मावसभाऊ मुंबई इंडियन्सचा. जडेजासाठी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं काही कारण नव्हतं. पण शत्रूच्या घरातल्या भांडणात माणूस किती हळवा होतो, हे ज्यानं सोसायटीच्या सभा पाहिल्यात त्याला सांगायला नको.

'यांना' म्हणजे समोरच्या बाकावरच्या पिवळ्या टी-शर्टला. पोरगा विशीतला, आचोळे रोडवर जन्मलेला, दक्षिणेला पनवेलच्या पुढे कधी न गेलेला. चेन्नईचा कट्टर. "दादा, तुमच्याकडे 2023 च्या डिसेंबरात काय झालं होतं?" त्यानं शांतपणे विचारलं.

टपरीवर क्षणभर फक्त स्टोव्हचा आवाज राहिला. पाच ट्रॉफ्या देणाऱ्या रोहितला 15 डिसेंबर 2023 ला कर्णधारपदावरून उतरवून गुजरातहून परत आणलेल्या हार्दिकला बसवलं, ही मावसभावाची दुखरी नस होती. 2024 च्या पहिल्या एप्रिलला तो वानखेडेवर गेला होता. राजस्थानविरुद्धच्या त्या मॅचला टॉसच्या वेळी प्रेक्षकांनी हार्दिकची अशी हुर्यो उडवली की संजय मांजरेकरांना माइकवरून नीट वागा म्हणून सांगावं लागलं. मावसभाऊ हे अभिमानानं सांगतो. मांजरेकरांनी आपल्याला व्यक्तिशः समज दिली, अशी त्याची समजूत आहे.

"आणि 4 जुलैला?" पिवळ्यानं सोडलं नाही. त्या दिवशी विश्वचषक घेऊन संघ मरीन ड्राइव्हवरून वानखेडेवर आला, आणि त्याच स्टेडियमनं हार्दिकच्या नावाचा गजर केला. मधे फक्त तीन महिने गेले होते, आणि बार्बाडोसची एक शेवटची ओव्हर.

"मी त्याही दिवशी होतो," मावसभाऊ म्हणाला. "तेव्हा तो देशाचा होता. एप्रिलमध्ये तो गुजरातचा होता."

"एप्रिलमध्ये तो तुमचा कॅप्टन होता, दादा."

"कागदावर."

इतक्यात कोपऱ्यातून पोस्टातले काका बोलले. टपालखात्यातून निवृत्त झालेला माणूस बोलतो तेव्हा त्यात शिक्का असतो. काकांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्यामुळे काकांचा रविवार व्हिडिओ कॉलवर बेसबॉल समजून घेण्यात जातो, आणि समजलेलं सगळं ते आचोळ्यात वाटतात. "तुमचं हे काहीच नाही," ते म्हणाले. "तिकडे बोस्टनवाल्यांनी बेब रूथ नावाचा माणूस न्यूयॉर्कला विकला, 1919 साली. त्यानंतर 2004 पर्यंत बोस्टनला ट्रॉफी नाही. लोकांनी शाप म्हणून मोजली वर्षं. आणि पुनर्बांधणी म्हणाल तर ह्यूस्टन. तीन वर्षं ओळीनं शंभरावर मॅचेस हरला तो संघ. मग 2017 ला जिंकला. तेव्हा तिकडे तळाला राहणाऱ्याला नव्या पोरांच्या निवडीत आधी नंबर मिळायचा, म्हणून हरण्यातही हिशेब असायचा."

"मग आम्ही यंदा दहावे आलो, त्याचं काय मिळालं?" पिवळ्यानं आशेनं विचारलं.

काहीच नाही. आयपीएलमध्ये पहिल्यालाही तेवढीच पर्स आणि दहाव्यालाही तेवढीच. मुंबई 2024 ला दहावी, चेन्नई 2025 ला दहावी; दोघांच्या मिळून दहा ट्रॉफ्या आणि दोघांनी पाठोपाठ गाठलेला तळ. इथं तळाला जाण्यात फायदा नाही, फक्त शेजारी येईपर्यंत जागा धरून ठेवता येते. मावसभाऊ मात्र मुंबईच्या दहाव्या क्रमांकाला 'संक्रमण' म्हणतो आणि चेन्नईच्या दहाव्या क्रमांकाला 'लायकी'.

काका कराराकडे वळले. ओतानी हा जपानी खेळाडू लॉस एंजेलिसच्या संघानं 2023 च्या डिसेंबरात दहा वर्षांसाठी 70 कोटी डॉलरला घेतला. त्यातले 68 कोटी डॉलर त्याला खेळताना मिळायचेच नाहीत. ते 2034 पासून पुढे दहा वर्षं, वर्षाला 6 कोटी 80 लाखांप्रमाणे.

"व्याज किती?" टपरीवरच्या तिघांनी एकदम विचारलं. हप्त्यांवर उभ्या असलेल्या वस्तीत हा पहिला प्रश्न असतो.

"बिनव्याजी."

"मग एजंट कोण होता त्याचा?" मावसभाऊ कळवळला. काकांचंही मत पडलं की ओतानीनं आवर्ती ठेवीत टाकायला हवे होते. पण त्याला कोणी विचारलं नसेल, परका मुलूख.

बाकाच्या टोकाला एक गृहस्थ इतका वेळ नुसता चहा पीत होते. ते म्हणाले, "आमचाही करार होता. स्टँप पेपरवर." मग गप्प झाले. याच आचोळ्यात, अग्रवाल नगरी परिसरात, सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या 41 इमारती हायकोर्टाच्या आदेशानं महापालिकेनं पाडल्या. बहुतेक काम 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत झालं. हजारो माणसांची घरं गेली. बांधणारे आणि विकणारे तोवर दुसऱ्या टीमकडून खेळायला लागले होते. गृहस्थ आता भाड्यानं राहतात, हप्ता मात्र जुन्याच घराचा भरतात. "पुनर्बांधणीत पाडायचं काम वेळेवर होतं," एवढंच ते म्हणाले. काकांनी त्यांच्यासाठी आणखी एक कटिंग सांगितला आणि विषय मुद्दाम आयुष म्हात्रेवर नेला. आमच्याकडे सांत्वनाची हीच पद्धत आहे.

आयुष म्हात्रे! इथं मात्र टपरी दुभंगली. विरारचं, तेव्हा सतरा वर्षांचं पोर. ऋतुराज जायबंदी झाला म्हणून चेन्नईनं 30 लाखांना घेतलं. 20 एप्रिल 2025 ला पदार्पण, आणि तेही कुठं तर वानखेडेवर, मुंबईविरुद्ध. 15 चेंडूंत 32. टाळ्या कुणासाठी वाजवायच्या?

"मी वाजवल्या," मावसभाऊ म्हणाला. "पण आऊट झाल्यावर."

"पैशासाठी गेला म्हणायचे तुम्ही," पिवळ्यानं आठवण दिली. "तीस लाखांत काय येतं हो दादा?"

"आचोळ्यात वन बीएचके," काका म्हणाले. "पार्किंग नाही."

"आणि दीपक चहर आमच्याकडून तुमच्याकडे सव्वानऊ कोटींना आला, तो?"

"तो व्यावसायिक निर्णय."

खरा घोळ वेगळाच आहे. चेन्नईच्या संघात पुण्याचा ऋतुराज कर्णधार, मुंबईचा शिवम दुबे, विरारचा आयुष. मुंबईच्या संघात कर्णधार बडोद्याचा, बुमरा अहमदाबादचा, तिलक वर्मा हैदराबादचा. रोहितही आधी डेक्कन चार्जर्सचा होता, 2011 ला मुंबईनं बोली लावून आणला. पण हे मावसभावासमोर म्हणायची छाती कुणाची नाही. वर चेन्नईनं 2011 चा विश्वचषक उंचावणारा धोनी 4 कोटींत 'अनकॅप्ड' म्हणून ठेवला, कारण पाच वर्षं आंतरराष्ट्रीय न खेळलेला माणूस नवखा धरावा असा नियम पुन्हा आणला गेला. "या न्यायानं मी पण अविवाहित," काका म्हणाले. काकू माहेरी जाऊन फक्त दोन दिवस झाले होते.

"आयुष आपला म्हणता, पण विरारचा ना तो?" मधेच टपरीला टेकलेल्या एकानं तोंड घातलं. "विरारवाले सकाळी आपल्याला गाडीत पाय ठेवू देतात का?"

झालं. मुंबई आणि चेन्नई हे वैर उन्हाळ्यातलं, दोन महिन्यांचं. विरार आणि नालासोपारा हे बारमाही. नालासोपाऱ्याचा माणूस सकाळी उलट विरारला जातो आणि त्याच गाडीतून बसून परत येतो, यावर विरारकरांचा जुना आक्षेप आहे. ही घुसखोरी आहे, असं त्यांचं म्हणणं. इकडचं म्हणणं असं की पासावर विरार लिहिलंय, तर जागाही आमची. मग हेच नालासोपारकर संध्याकाळी विरार फास्टमध्ये मीरा रोडचा माणूस दिसला की दार अडवून उभे राहतात. "लोकल नाही मिळत का तुला?" असं त्याला विचारतात, आणि विचारणाऱ्यांत पिवळा आणि मावसभाऊ खांद्याला खांदा लावून असतात. तिथं कर्णधार कोण, हा प्रश्न आजवर कधी निघालेला नाही.

मग मी ज्या कामासाठी गेलो होतो ते उरकावं म्हणून पिशवीतून निमंत्रणपत्रिका काढली. आमच्या थोरल्या काकांची पंचाहत्तरी. मावसभावानं ती उघडली, वाचली आणि चेहरा टाकला.

"सोळा डिसेंबर?"

"वाढदिवसच सोळाचा आहे त्यांचा."

"अरे, अबुधाबीत लिलाव आहे त्या दिवशी! एक दिवस मागेपुढे?" पंचाहत्तर वर्षांपूर्वी जन्म घेताना थोरल्या काकांनी आयपीएलचं वेळापत्रक पाहिलं नव्हतं, ही त्यांची चूक मी मान्य केली. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की औक्षणाला तो असेल, जेवायला असेल, भाषणांना नसेल. पिवळा म्हणाला, मलाही बोलवा, हॉलमध्ये टीव्ही असेल तर.

टीव्हीवर तोवर जडेजा पायचीत झाला होता. ज्याच्या नावानं सकाळपासून शोक चालला होता तो माणूस खराखुरा, पांढऱ्या कपड्यांत, देशासाठी खेळून परत निघाला. त्याच्याकडे कुणी मान वळवली नाही. जौनपूरचा चहावाला तेवढा पाहत होता, पण त्याचाही आनंद वेगळा होता: त्याच्या लखनौला 30 लाखांत तेंडुलकर मिळाला होता.

आता फक्त शार्दुलचा निकाल लागायचा होता. पालघरचा शार्दुल, आपल्या जिल्ह्याचा. 12 मे 2019, हैदराबादची फायनल, चेन्नईला शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या, मलिंगाचा हळू चेंडू आणि शार्दुल पायचीत. मुंबई एका धावेनं जिंकली. तेव्हापासून पिवळ्याच्या गटात शार्दुलचं नाव निघालं की कुणीतरी 'घरचा भेदी' म्हणतं. आणि मावसभावाच्या गटात गेली सहा वर्षं तो 'पालघरचं सोंग' होता, कारण तेव्हा खेळत तर चेन्नईकडून होता ना.

"दोन कोटींत आणलाय," मावसभाऊ आता म्हणाला. "बघ कसा अस्सल मुंबईकर आणलाय आम्ही. ट्रेननं प्रवास केलेला पोरगा आहे."

"कालपर्यंत सोंग होता."

"कालपर्यंत लखनौला होता."

पिवळा खवळून उठला. "आणि तो 2019 चा बॉल? मग त्यानं तेव्हाच तुम्हाला कप दिला म्हणायचा!"

मावसभावानं यावर खरोखर विचार केला. चहाचा शेवटचा घोट घेतला. "तसं बघितलं तर," तो म्हणाला, "दोन कोटी स्वस्तच पडले."

मागे टीव्हीवर भारत सर्वबाद 93 झाला. तीस धावांनी हरला. पोस्टातल्या काकांनी चष्मा वर करून पहिल्यांदाच पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा संघ कुणाच्या बदल्यात देता येतो का रे?"