ओलाव्याचा भाव

विदर्भाच्या सिंचनाचा आणि रस्त्यांचा अनुशेष मोजायला १९८३ साली दांडेकर समिती नेमावी लागली होती. सुशीचा अनुशेष कोणी मोजला नाही, कोणी त्यासाठी मोर्चा काढला नाही, तरी तो परस्पर भरून निघाला. अमरावतीत एक नवं हॉटेल निघालं असून तिथे सुशी मिळते. पाणी शेतात पोचायचं तेव्हा पोचेल, सोया सॉस टेबलावर पोचला आहे.

आमचं कौंडण्यपूर अमरावतीपासून चाळीसेक किलोमीटर. रुक्मिणीचं माहेर, पुराणातल्या विदर्भाची राजधानी. राजधानीत सध्या रात्री चहा मिळायची मारामार, तेव्हा काही नवं खायचं तर गाडीला किक मारून जिल्ह्यालाच जावं लागतं. सोबत आमचा दोस्त होता. वर्धेच्या काठाला त्याचं वावर, त्यात सोयाबीन आणि तूर, गळ्यात तुळशीची माळ. दर आषाढीला रुक्मिणीच्या पालखीबरोबर पायी पंढरपूर गाठणारा माणूस. ही पालखी १५९४ पासून निघते असं सांगतात. एवढ्या वर्षांत वाटेवरच्या एकाही गावाने वारकऱ्याच्या हातात चॉपस्टिक दिलेली नाही.

हॉटेलात उजेड इतका कमी होता की दोस्ताने आधी लोडशेडिंगची चौकशी केली. ‘अॅम्बियन्स आहे सर,’ वेटर म्हणाला.

माळकरी सोबत असल्याने मेन्यूचं शाकाहारी पान उघडलं. काकडीची सुशी, अॅव्होकॅडोची सुशी, गाजर आणि क्रीम चीजची सुशी. काळ्या लांबट पाटीवर आठ तुकडे आले. दोस्ताने एक तुकडा उचलून चारी बाजूंनी पाहिला.

‘यात मेन काय असते?’

‘सर, ओरिजिनल सुशीत फिश असतो.’

‘म्हणजे शिशुपालाची वरात झाली ना लेका ही,’ दोस्त माझ्याकडे वळला. ‘मांडव हाय, वाजंत्री हाय, वऱ्हाडी जमले, अन् नवरीच गेली.’

यावर हसू नये. सुशीचा सगळा इतिहासच कोणाला तरी ताटातून पळवून लावण्याचा आहे. तिच्या सगळ्यात जुन्या प्रकारात मासा मिठात मुरवून शिजवलेल्या भातात महिनोन् महिने दाबून ठेवत. भात आंबायचा, त्या आंबटपणाने मासा टिकायचा. मग मासा खायचा आणि लगदा झालेला भात टाकून द्यायचा. पुढे भाताचा मान वाढला, आंबवण्याऐवजी त्यात व्हिनेगर आलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या मुटक्यावर माशाची कापटी ठेवून ती गाड्यांवर विकली जाऊ लागली. हानाया योहेई या विक्रेत्याचं नाव त्याच्याशी जोडतात. म्हणजे जुने जपानी भात टाकून मासा खात, अमरावतीकर मासा टाकून भात खातात. अजून एक-दोन सुधारणा झाल्या की नुसती पाटी येईल, बिल मात्र तेवढंच राहील.

गाडीवरच्या त्या सुशीचं गिऱ्हाईक उभ्याउभ्या हातानेच तुकडा तोंडात टाकायचं. मुटका सुशी हाताने खाल्लेली जपानात आजही चालते. आमच्या शेजारच्या टेबलावरचं कुटुंब मात्र काड्यांशी झुंजत होतं आणि पोरगं काकडी जमिनीवर सांडतं म्हणून त्याला रागवत होतं. दोस्ताने सरळ हात घातला. अख्ख्या हॉटेलात जपानी रीत पाळणारा तो एकटाच, आणि वेटर त्याच्याचकडे कीव आल्यासारखा पाहत होता.

हिरव्या गोळीबद्दल वेटरने आधीच बजावलं, ‘सर, वासाबी आहे, व्हेरी स्पायसी.’ ठेच्यावर वाढलेल्या माणसाला हे सांगावं! दोस्ताने बोटावर थोडं घेतलं, जिभेला लावलं, नाक पुसलं. म्हणाला, ‘हे तं मोहरी हाय. रंग देल्ला.’ मी घरी येऊन वाचलं. खरी वासाबी महाग आणि दुर्मीळ. बहुतेक हॉटेलांत चालतं ते हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग. अन्न निरीक्षकाची जागा कुठे रिकामी असल्यास कळवावे.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग एदामामे आलं.

नाव ऐकून मी काहीतरी समुद्रातलं समजलो होतो. वाडग्यात सोयाबीनच्या हिरव्या शेंगा होत्या. उकडलेल्या, वरून जाडं मीठ. दोस्त बराच वेळ बोलला नाही. मग एक शेंग सोलली, दाणा दाताखाली धरला आणि खरेदी केंद्रावरचा ग्रेडर जो प्रश्न विचारतो तोच वेटरला विचारला.

‘ओलावा किती हाय यात?’

वेटरला कळलं नाही, पण वऱ्हाडात हा प्रश्न पोराटोरांना पाठ आहे. सरकारी खरेदीत सोयाबीनला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. पाऊस दिवाळीपर्यंत लांबतो, माल ओला राहतो, यंत्राचा आकडा वर गेला की पोतं परत. मग तेच पोतं व्यापारी पडत्या भावात घेतो, वर उपकार म्हणून. २०२४ च्या नोव्हेंबरात मतदान चार-पाच दिवसांवर आलं तेव्हा ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली गेली. शेतकऱ्याच्या दाण्यातलं पाणी निवडणुकीच्या सुमारासच गोड लागतं.

आणि इथे निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असलेली शेंग वाडग्यात घालून साडेतीनशे रुपयांना! दोस्ताने मोबाइल काढला. वाडग्यात दीडशे ग्रॅम धरल्या. ‘क्विंटलले दोन लाख तेहतीस हजार पडते, टरफलासगट.’ २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. एदामामेचे वाण वेगळे, दाणा टपोरा, शेंग हिरवी असतानाच तोडतात, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. ‘मंग आमी वाळवत कायले बसतो बे?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कृषी खात्याकडे असल्यास त्यांनी ते ग्रामसभेत द्यावं.

तसं पाहिलं तर वऱ्हाडाने ज्वारी मागे सारून सोयाबीन पेरलं, पण खाल्लं कधी नाही. तेल गाळून आपल्या कढईत, पेंड कोंबड्यांपुढे, आणि आता शेंग पाटीवर. जपानलाही स्वतःचं सोयाबीन पुरत नाही, बरंचसं अमेरिकेकडून येतं.

शेवटचा तुकडा राहिला होता. ‘तू घे’, ‘नाही, तू घे’ यात तो कोरडा पडला आणि वेटर पाटीसकट घेऊन गेला. बिल आलं. दोस्ताने शेंगांची टरफलं शेळीसाठी बांधून मागितली. वेटरने ती डब्यात घालून दिली आणि डब्याचे पैसे लावले.

निघताना दोस्त काउंटरवर थांबला. ‘भाऊ, ह्या शेंगा आमच्या वावरातून देऊ का? सकाळी तोडू, दुपारी आणून देतो.’

‘नको काका, आमच्या बाहेरून येतात, फ्रोझन,’ मॅनेजर अदबीने म्हणाला. ‘लोकल मालाला क्वालिटी नसते.’

‘काहून? ओलावा कमी पडते का?’