इफ्तारलाही न सुटलेला उपास

माझं पोट हा आमच्या घरात खाजगी विषय कधीच नव्हता. लग्नाआधी पुण्यात पाळीच्या पहिल्या दिवशी मी आडवी झाले की आई ओवा-गूळ आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची आणि शेजारच्या काकू "काल दही खाल्लं असेल" असा निकाल देऊन जायच्या. लग्न करून शारजात अल नाहदाला राहायला आले आणि निकाल देणाऱ्यांची राष्ट्रीयत्वं वाढली. दुबईतल्या ऑफिसात फिलिपिनो मैत्रीण म्हणाली, बर्फाचं पाणी सोड. जॉर्डनची म्हणाली, मरामियाची पानं उकळून पी. केरळची म्हणाली, मेथी घालून कांजी कर. नवरा म्हणाला, करक चहा कमी कर. हे सांगताना त्याच्या हातात त्याचा स्वतःचा करक होता. मी कुणाचंच मन मोडत नाही, त्यामुळे सगळ्यांचं ऐकलं आणि तेही एकाच दिवशी. संध्याकाळी पोट दुखलं, पण श्रेय कुणाला द्यायचं ते ठरेना.

मग शास्त्राकडे वळायचं ठरवलं. शास्त्र मला मोबाइलवरच्या जाहिरातीत भेटलं: बोटातल्या थेंबभर रक्तात दोनशेच्या वर पदार्थांची 'सेन्सिटिव्हिटी' कळणार होती. त्या चाचणीला लागलेल्या दिरहमांत मी दिवाळीला घरी जाऊन आले असते. रिपोर्ट मात्र देखणा होता, लाल-पिवळा-हिरवा. लाल रकान्यात गहू, दूध, हरभरा, लसूण, अंडं, शेंगदाणे, तीळ. हिरव्यात आर्टिचोक, शिंपले आणि हरणाचं मांस. म्हणजे जे मी आयुष्यात कधी तोंडात घातलं नव्हतं, ते मला छान मानवत होतं.

या चाचणीत आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांची मोजणी होते. आपण जे रोज खातो त्याची ओळख शरीर अशी नोंदवून ठेवतं. ते आजाराचं लक्षण नाही, झालंच तर तो पदार्थ शरीराच्या सवयीचा आहे याची खूण. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीने 2008 मध्येच सांगून ठेवलंय की असहिष्णुता शोधायला ही चाचणी वापरू नये. थोडक्यात, मी पैसे भरून माझी स्वतःची वाणसामानाची यादी रंगीत छापून घेतली होती.

पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मी आज्ञाधारकपणे लाल रकाना घराबाहेर काढला. गव्हाबद्दल तर वाचलंही होतं: इटलीत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एंडोमेट्रिओसिसच्या, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराच्या, 207 रुग्णांना वर्षभर ग्लुटेनशिवाय ठेवलं, तेव्हा 75 टक्के बायकांनी दुखणं कमी झाल्याचं सांगितलं. तुलनेला गहू खाणारा दुसरा गट नव्हता, हे बारीक अक्षर मी वाचलं नाही. दुबईतल्या करामातून ज्वारीचं पीठ आणलं, भाकऱ्या थापल्या, आमटीला हिंगाची फोडणी दिली आणि महिनाभराने सहज डबी फिरवून पाहिली. हिंगात गव्हाचं पीठ. बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गहू किंवा तांदूळ असतो. माझ्या नशिबी गहू होता. एवढा संयम चिमूटचिमूट फोडणीत जळत होता.

आईने तोवर डिंकाचे लाडू घेऊन यायची तयारी केली होती. तिला घाईघाईने फोन केला, कारण तिच्या लाडवात खसखस असते आणि खसखस या देशात आणायला बंदी आहे. माझ्या पाळीपायी आईने कस्टमच्या खोलीत बसावं, एवढं काही ते दुखत नव्हतं.

कळस झाला रमजानात. ऑफिसचं इफ्तार होतं. टेबलावर आधी खजूर, मग मसुराचं सूप, हम्मुस, फत्तूश, गहू आणि मांस घोटून केलेला हरीस, शेवटी खजुराच्या पाकातले लुगैमात. मी वेटरला बोलावून सूपमध्ये लसूण आहे का विचारलं. तो आत गेला आणि शेफला घेऊन आला. शेफने मान खाली घालून कबुली दिली: लसूण आहे, कांदाही आहे. मी पर्समधून स्टीलचा डबा काढला आणि गार भात खाऊ लागले. शेजारी बसलेल्या एमिराती बाईंनी त्या दिवशी रोजा धरला नव्हता. पाळीत रोजा माफ असतो, तो नंतर भरून काढायचा असतो. त्यांनी माझ्या डब्याकडे पाहिलं आणि मऊ आवाजात विचारलं, "तुझा अजून सुटला नाही का?"

दुसऱ्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली. हे मी रिपोर्टाच्या आधी करायला हवं होतं असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त रिपोर्टाची घडी घालून तो मला परत दिला. मग प्रश्न विचारले: दुखणं पाळीआधी किती सुरू होतं, शौचाला जाताना दुखतं का, पोट फुगतं का, दुखण्यापायी कामावर सुट्टी पडते का. जगात पाळीच्या वयातल्या दहापैकी साधारण एका बाईला एंडोमेट्रिओसिस असतो, आणि सोनोग्राफी साफ आली म्हणून तो नाही असं होत नाही. शिवाय गर्भाशय आणि आतडं शेजारी. पाळीत गर्भाशय आवळायला लावणारी प्रोस्टाग्लँडिन्स आतड्यालाही सोडत नाहीत, म्हणून कित्येकींना पहिल्या दिवशी जुलाब होतात. तिथे आधीच वायू धरला असेल तर दोन्ही दुखणी एक होऊन बसतात आणि कोण कुणाला ढकलतंय ते कळत नाही. त्यांनी औषध सुरू केलं आणि आहारतज्ज्ञांकडे धाडलं.

आहारतज्ज्ञांनी फॉडमॅप समजावलं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेली ही पद्धत: आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या, आंबून वायू करणाऱ्या शर्करा दोन ते सहा आठवडे कमी करायच्या. कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, मध. मोनॅशच्याच 2025 च्या एका छोट्या प्रयोगात एंडोमेट्रिओसिसच्या 60 टक्के रुग्णांच्या पोटाच्या तक्रारी या आहाराने कमी झाल्या. साध्या सकस आहाराने 26 टक्के. महत्त्वाचं पुढचं: मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. कायमचा वनवास नाही. लसणातली ही शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या की नुसतं तेल चालतं.

आईला व्हिडिओ कॉलवर यादी वाचून दाखवली. कांदा नाही, लसूण नाही. बटाटा चालेल, साबुदाणा चालेल, भगर चालेल.

"अगं, म्हणजे चातुर्मासच की," ती म्हणाली. "आणि वांगं?"

"वांगं थोडं चालतं."

"मग अपुरं आहे तुमचं शास्त्र."

परतीच्या वेळापत्रकात कांद्याचा दिवस नेमका कांदेनवमीला आला. आईने तो शुभशकुन मानला. खरं तर कांदेनवमीला कांदा निरोपाला खातात, माझ्याकडे तो परत येत होता. पण आईपुढे पंचांग काढायची माझी टाप नाही. गहू दोन पोळ्यांपर्यंत निर्दोष सुटला होता, हिंगासकट. कांद्याने मात्र चमचाभर शिजवलेला असतानाच पोट फुगवून दाखवलं. पहिल्या दिवसाच्या कळा अजूनही येतात, त्यांना गोळीच लागते. पण आधीचा आठवडा आता माझ्या मालकीचा झालाय.

माझा डोस चमचाभर असल्याचं नवऱ्याला सांगायचं राहिलं होतं. त्याने आनंदाने परातभर खेकडा भजी तळली होती, आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून एकट्यानेच संपवली. रात्री अकराला तो सोफ्यावर पोट धरून पडला आणि म्हणाला, मला नक्की कशाची तरी ॲलर्जी आहे. त्या प्रयोगशाळेचा 'कुटुंबीयांसाठी खास सवलत' असा मेसेज माझ्याकडे होताच. तो मी त्याला फॉरवर्ड केला.