खालसा झालेले वतन

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत बुश आणि पिना कातणारा एखादा लघुउद्योजक जेव्हा आपल्या दफ्तरासाठी नवा लॅपटॉप घेण्याचा संकल्प सोडतो, तेव्हा त्याचा नुकताच डिप्लोमा झालेला भाचा दरपत्रकांचा जो तुलनातक्ता त्याच्यापुढे ठेवतो, त्यात अलीकडे किंमत आणि वॉरंटी यांच्याही अगोदर ‘एव्हीएक्स-५१२ आहे काय?’ हा रकाना पिवळा रंगवून मांडलेला असतो.

प्रोसेसरच्या या आज्ञासंचाचे माहात्म्य आम्हांस मान्य आहे. ३२ बिटांच्या १६ संख्यांवर तो एकाच आज्ञेने क्रिया करतो, आणि ज्यांची सॉफ्टवेअरे तशी लिहिलेली आहेत त्यांना त्याचा लाभही होतो. सातपुरातल्या बिलावर मात्र बेरजेला येते काय, तर ९ टक्के केंद्राचे आणि ९ टक्के राज्याचे. उरलेल्या १४ संख्या आणायच्या कोठून? “मामा, फ्युचर-प्रूफ पाहिजे,” असे भाच्याचे यावर उत्तर असते, आणि ते अगदीच निराधार म्हणवत नाही. कारण उद्या सरकारने जिल्ह्याचा कर, तालुक्याचा कर, त्र्यंबक रस्त्यावरील खड्ड्यांचा उपकर, त्या उपकरावरील अधिभार अशी आणखी १४ कलमे बिलावर चढवलीच, तर मामांच्या लॅपटॉपात ती सगळी एकसमयावच्छेदेकरून बेरजेस येतील, शेजारच्या शेडमधील मालक मात्र एकेक कलम मिळवीत बसेल, आणि त्याचा टेम्पोवाला ई-वे बिलाची वाट पाहत निमिषाच्या एका अब्जांशाने अधिक तिष्ठेल.

बरे, हे वतन वंशपरंपरेने चालते म्हणावे, तर तसेही नाही. २०२० साली आलेल्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉपांत साध्या आय-३ लाही ते बहाल होते. २०२२ च्या बाराव्या पिढीत थेट आय-९ पर्यंत सर्वांचे खालसा झाले. कारण काय, तर वीज वाचवण्यासाठी जे लहान गाभे नव्याने नेमले, त्यांना ही आज्ञा कळेना; म्हणून ज्यांना कळत होती त्या मोठ्या गाभ्यांनाही गप्प बसवण्यात आले. प्रतिस्पर्धी घराण्याने त्याच सुमारास ते आपल्याकडे सुरू केले.

आज्ञासंच पाहूच नयेत, असे नाही. पॉपकाउंट ही आज्ञा नसेल तर विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती सुरूच होत नाही. कित्येक सॉफ्टवेअरे एव्हीएक्स-२ वाचून उघडत नाहीत. पण पॉपकाउंट २००८ पासूनच्या आणि एव्हीएक्स-२ २०१३ पासूनच्या प्रोसेसरांत येऊ लागले. आज नवा कोरा लॅपटॉप घेणाऱ्याने त्यांची झडती घेण्याचे सहसा प्रयोजन नाही.

आमचा संताप निराळाच आहे. पूर्वी मागचे चार स्क्रू काढून रॅमची पट्टी बदलता येत असे, आणि थकलेल्या यंत्राला आणखी तीन वर्षे राबवता येत असे. आता कित्येक लॅपटॉपांत ती रॅम बोर्डावर सोल्डर करून टाकतात! आठ जीबी घेतलेत, तर जन्मभर आठ. टॅली, ब्राउझर आणि ड्रॉइंग एकत्र उघडली की मामांचे यंत्र धापा टाकते, मामा टेबलावर मूठ आपटतात, आणि दुकानदार नवे यंत्र घ्या म्हणतो. ही राजरोस लूट आहे, आणि तिच्यासाठी भाच्याच्या त्या तक्त्यात रकानाच नाही. परवा त्याने एक रकाना वाढवला खरा: कीबोर्डात रंगीत दिवे आहेत काय?